क्रिस्पिनचं नाव

एकोणीसशे पंधरा सालचा ऑक्टोबर लागला तो पाऊस घेऊनच. थॉर्नली गावच्या मागच्या गल्लीत कातडं वाळेना, वावरात बटाटे कुजायला लागले आणि माणसांच्या कमरा धरल्या. फ्रान्सातली लढाई नाताळापर्यंत आटपेल असं सांगितलं होतं. तो नाताळ येऊन गेला, आता दुसरा तोंडावर आला. तिकडच्या चिखलात सबंध इंग्लंडची पोरं उभी होती आणि त्यांतल्या किती तरी पोरांच्या पायांतले बूट आमच्या गल्लीत होत होते. हे आम्ही कुणाला सांगत नसू, पण विसरतही नसू.

ईनक वॉरबॉइजचं दुकान गल्लीच्या खालच्या टोकाला. दुकान म्हणजे परसातली विटांची खोली, डुकराच्या खुराड्याला लागून. तिथं कधी काही विकलं गेलं नाही, पण बापजाद्यांपासून शब्द दुकानच. खिडकीखाली ठेंगणी बैठक होती. ईनक तिच्यावर बसायचा, मांडीवर बूट आणि बुटावरून खाली तळपायापर्यंत गेलेला पट्टा. आरीनं भोक पाडायचं, दोन्हीकडून मेणाचा दोरा घालायचा आणि दोन्ही हात लांब पसरून ओढायचा. तीस वर्षं ओढून त्याच्या करंगळ्यांच्या मुळाशी खाचा पडल्या होत्या, वाटाणा ठेवला तर राहील एवढ्या. छातीशी धरलेल्या लाकडी साच्याच्या दाबानं तिथलं हाड आत गेलं होतं. बायको ट्रायफीना स्वयंपाकघरात यंत्रावर वरचं कातडं शिवायची. म्हातारा लेव्हाय हा शेजारी. बायको गेल्यापासून तो ईनकच्याच दुकानात येऊन काम करायचा. त्याला अक्षर येत नव्हतं, पण तोंड दोन माणसांचं होतं. ईनकचा थोरला मुलगा एमस फ्रान्सात होता आणि धाकटी केटूरा, अकरा वर्षांची, शाळेत.

पंचवीस ऑक्टोबर हा आमचा सण. संत क्रिस्पिन हा बूटवाल्यांचा संत. दिवसा धर्म सांगायचा, रात्री पोटासाठी जोडे शिवायचा आणि राजानं त्याला मारला, एवढं आम्हाला ठाऊक. त्या दिवशी सकाळी गल्लीच्या वरच्या टोकाचा माणूस कातडं ठोकायच्या मांडीवरच्या दगडावर हातोडीचे तीन ठोके देतो. मग त्याचा शेजारी तीन देतो, मग त्याचा. अशी हातोडी घरोघर फिरत खाली ईनककडं येते. त्यानं शेवटचे तीन ठोके दिले की हत्यारं खाली, आणि दिवसभर कुणी आरीला हात लावायचा नाही. आम्ही चॅपेलवाले, म्हणजे साध्या प्रार्थनाघराचे, संतबिंत मानत नाही. हा एक मानतो, आणि तोही देवाचा म्हणून नव्हे, धंद्यातला म्हणून.

सोमवारी कंत्राटदार गार्लीची गाडी कापलेलं कातडं घेऊन आली, तेव्हा गाडीवानाशेजारी खुद्द गार्ली होता. तो खाली उतरला नाही. चिखल होता, आणि त्याचे बूट नवे होते.

"यंदा पंचविसाला सुट्टी नाही," तो गाडीवरूनच म्हणाला. "सैन्याला बूट हवेत. त्या दिवशी दुपारी तीनला शाळेत मुलांचं नाटक आहे. आपल्या राजानं फ्रान्सात मूठभर माणसांनिशी लढाई मारली, त्याला त्या दिवशी बरोबर पाचशे वर्षं होतात. ज्यांना यायचं असेल त्यांनी दोन तास यावं. माझा रूपर्ट राजा झालाय."

"आनि हातोडीचं काय, मालक?" लेव्हायनं विचारलं.

"हातोडी कामाला मारा."

मग त्यानं ईनकच्या हातातला बूट मागून घेतला, तळाच्या कडेवरून अंगठा फिरवला आणि हसला. "इंचाला दहा टाके. वॉरबॉइज, मी गेल्या सोमवारीच सांगितलं, आठ पुरेत. आठ घातलेस तर आठवड्याला चार जोड जास्त होतील. तुझा पोरगा तिकडं चिखलात उभा आहे आणि तू इथं टाके मोजत बसलायस."

"त्यो चिखलात उभा हाय म्हनूनच मोजतोय," ईनक म्हणाला आणि बूट परत घेतला.

गार्लीनं गाडीवानाला खूण केली. गाडी गेली, आणि चाकांचा चिखल ट्रायफीनाच्या दोरीवरच्या चादरीवर उडाला. तिनं चादर काढली, पुन्हा धुतली आणि पुन्हा घातली. पावसात ती वाळणार नव्हतीच.

त्याच दिवशी केटूरा शाळेतून भिजत आली ती झग्याखाली पुस्तक धरून. पातळसं, निळ्या पुठ्ठ्याचं, आत चित्रं. जुनी नाटकं पोरांना कळतील अशी सोपी करून त्यात लिहिली होती. साऱ्या परगण्यातल्या शाळांना ती पुस्तकं वाटली होती. पहिल्याच पानावर झेंडा, आणि खाली लिहिलेलं, की हे वाचून मुलांनी देशासाठी उभं राहायला शिकावं.

"मी शिपाई झाले," ती दारातच म्हणाली.

"राजा न्हाई व्हय?" लेव्हाय म्हणाला.

"राजा रूपर्ट. त्येच्याकडं घोडा हाय."

"नाटकात घोडा येनार?"

"न्हाई. पन हाय."

लेव्हायनं मान डोलावली. एवढं कारण त्याला पुरलं.

"तुझं बोलनं केवढं?" ईनकनं विचारलं.

"येकच. शेवटाला राजा विचारतो, तयार आहात का, आनि मी म्हंते, 'महाराज, आम्ही तयार आहोत.'"

"बरं. बस आनि वाच."

आमच्या धंद्यात ही जुनी रीत. हात गुंतलेले असले तरी कान मोकळे असतात, म्हणून दुकानात एकानं वाचायचं आणि बाकीच्यांनी शिवायचं. वाचणाऱ्याच्या वाट्याचे टाके बाकीचे घालतात. ईनकच्या बापानं जत्रेत घेतलेलं एक जाड पुस्तक त्या खिडकीत होतं. पुठ्ठा गेलेला, कोपरे मेणानं काळे झालेले. तेच ते राजाचं नाटक, पण मोठ्यांसाठी होतं तसं, सबंध. चाळीस वर्षं ते ह्या दुकानात वाचलं गेलं होतं. लेव्हायला अक्षर येत नव्हतं तरी ते मुखपाठ होतं आणि ते सांगायची संधी तो कधी सोडत नसे.

केटूरा पालथ्या बादलीवर बसली आणि वाचू लागली. गोष्ट सोपी होती. राजा शूर होता, शिपाई शूर होते. फ्रान्सवाले पुष्कळ होते पण गर्विष्ठ होते. लढाईच्या आदल्या रात्री राजा वेष पालटून शेकोटीपाशी शिपायांत जाऊन बसतो. शिपाई म्हणतात, आपला राजा केवढा थोर, आणि झोपी जातात.

"झोपी जात्यात?" लेव्हायची आरी थांबली.

"असंच लिव्हलंय, तात्या."

"पुढं वाच," ईनक म्हणाला.

पुढं सकाळ झाली आणि राजा उभा राहिला. "'शूरांनो,'" केटूरा वाचत होती, "'ऑक्टोबरमधला हा आजचा दिवस आपल्या मुलाबाळांच्या लक्षात राहील...'"

ईनकनं हातोडी खाली ठेवली. "फिरून वाच."

तिनं फिरून वाचलं.

"नाव कुठाय?"

"कुनाचं?"

"दिसाचं! क्रिस्पिनचं! राजा त्या भाषनात पुन्यांदा पुन्यांदा त्येचंच नाव घेतो, पोरी. लढाई झाली आपल्या दिसाला. सगळ्या नाटकात आपलं म्हनन्यासारखं तेवढं येक हाय. बघ नीट, खाली असंल."

ती सगळं पान शोधून आली. नाव नव्हतं.

"कापलं," लेव्हाय म्हणाला. "सुट्टीबी कापली आनि नावबी कापलं. आता कातडं कापायची आपली रापी तेवढी न्यायची ऱ्हायली."

"आनि शेकोटीचं?" केटूरानं विचारलं. "मोठ्या पुस्तकात शिपाई झोपत न्हाईत?"

ईनकनं नवा दोरा घेतला. दोऱ्याला मेण चोळत तो म्हणाला, "न्हाई. येक शिपाई बसतो त्या अनोळखी मानसापाशी. राजा हाय ह्ये त्येला ठावं नसतं. त्यो इचारतो, की बाबा, उद्या आमचे हातपाय गेले तर त्येचा जाब कोन देनार? राजा देनार का? आनि इचारतो, शिव्या खातो, पन सकाळच्याला उठून लढाईला जातोच. तवा मला त्यो आवडतो. राजापरीस मला त्योच आवडतो."

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या वेळेला ईनक शाळेत गेला. अंगावर कामाचाच चामडी ॲप्रन, कारण परत येऊन बसायचं होतं. शिक्षिका हॅडनबाईंनी दार उघडलं, त्याच्या बुटांकडं पाहिलं, मग नुकत्याच पुसलेल्या फरशीकडं. ईनक पायरीवरच थांबला. पाऊस त्याच्या मानेत जात होता. केटूरा आत बाकावरून पाहत होती, आणि बाकीची पोरंही पाहत होती.

बाई तरुण होत्या, कडक होत्या, आणि वाईट नव्हत्या. त्यांनी नीट ऐकून घेतलं.

"मिस्टर वॉरबॉइज, हे पुस्तक मुलांसाठी आहे. संताचं नाव घातलं तर चॅपेलची माणसं तक्रार करतील, म्हणून काढलं असेल."

"मी चॅपेलचाच हाय, बाई. तक्रार करतोय ती नाव न्हाई म्हनून."

"मुलांना धंदा नाही, देश शिकवायचा आहे."

"आनि शेकोटीचं?"

बाईंनी ओठ आवळले. "ह्या दिवसांत मुलांच्या मनात शंका नको. एवढं तुम्हाला कळायला हवं. तुमचाही मुलगा तिकडं आहे." मग त्या वर्गाकडं वळल्या. "केटूरा, पुस्तकातला एकही शब्द तू गाळणार नाहीस. कबूल?"

"कबूल, बाई," केटूरा उभं राहून म्हणाली. तिचे कान लाल झाले होते.

ईनक टोपी हातात घेऊन पायऱ्या उतरला. कुणीतरी पोरगं आत हसलं. घरी येऊन तो तडक बैठकीवर बसला. त्या दिवशी त्यानं दोरा इतका ओढला की खाच फुटून रक्त आलं, आणि ते त्यानं मेणानंच बुजवलं.

"मी म्हनूच का नगं मंग?" केटूरानं चहाच्या वेळी विचारलं. "बाईंना सांगते, मला शिपाई न्हाई व्हायचं."

"शब्द दिलायस न्हवं?"

"व्हय."

"मंग पाळायचा. शब्द म्हंजी टाका. येक उसवला की सारी रांग उसवते."

आठवडा बटाट्यात गेला. गावचे शेतगडी लढाईवर गेलेले, म्हणून शाळा अर्धा दिवस सोडून पोरं आणि बाया वावरात. मातीचे गोळे बुटांना चिकटून पाय मणामणाचे व्हायचे. बटाटा उपसला की निम्मा हातात यायचा, निम्मा गाळ होऊन बोटांतून निघून जायचा, आणि त्याचा वास घरी येऊन धुतला तरी जात नसे. केटूरा वाकून वाकून तेच वाक्य म्हणायची: महाराज, आम्ही तयार आहोत. बाया हसायच्या. "कशाला तयार हायेस गं? ह्यो वाफा सरला न्हाई अजून."

बुधवारी ट्रायफीना वावरातून लवकर परतली, कारण यंत्रावर काम साठलं होतं. टपालवाल्यानं पत्र तिच्याच हातात दिलं. इंग्लंडातल्याच एका इस्पितळातून होतं, परक्या अक्षरात, पण बोलणं एमसचं. तो जिवंत होता. सप्टेंबरच्या शेवटी जखमी झाला होता. डावा पाय घोट्याच्या वर कापावा लागला. जेवण चांगलं आहे. शेवटी त्यानं सांगून लिहवून घेतलं होतं, की बापाला म्हणावं, शेवटपर्यंत बुटात पाणी आलं नाही.

तिनं पत्र दोनदा वाचलं. यंत्राखाली अर्धी शिवण तशीच होती. ती बसली, शिवण संपवली, दोरा तोडला आणि मग परसातून दुकानात गेली.

ईनकनं पत्र वाचलं आणि लेव्हायला वाचून दाखवलं. लेव्हायनं हातातला बूट खाली ठेवला. भिंतीवर घरातल्या प्रत्येकाचे लाकडी साचे टांगलेले होते, ज्याच्या त्याच्या पायाच्या मापाचे. ईनकनं उठून एमसचे दोन्ही काढून आणले.

"दोन कशाला?" ट्रायफीना म्हणाली.

"जोड असतो."

"ईनक, पाय येकच हाय त्येला."

"मला येक बूट करता येत न्हाई," ईनक म्हणाला. "कवा केलाच न्हाई." त्याचा आवाज फुटला, आणि तो रडला. तीस वर्षांत आम्ही त्याला रडताना पाहिलं नव्हतं. ट्रायफीनानं त्याचं डोकं आपल्या ॲप्रनला धरलं. ॲप्रनवर बटाट्याचा चिखल होता, तो त्याच्या केसांना लागला. वावरातून आलेली केटूरा दारात उभी होती. ती आत आली नाही, पण गेलीही नाही.

पंचवीस तारखेला सकाळी गल्ली गप्प होती. वरच्या टोकाला ठोके पडले नाहीत. माणसं हातोडी घेऊन बसली, कामाचे ठोके सुरू झाले, सगळ्यांचे एकदम आणि कुणाचेच नव्हेत असे. आम्हाला तो आवाज बरा वाटला नाही.

तीनला सगळे शाळेत गेले, तसेच ॲप्रनवर. वर्गातली बाकं मागं सारून जागा केली होती. पुढं खुर्च्यांवर गार्ली, त्याची बायको आणि पाद्री. मागं आम्ही, कातड्याच्या आणि मेणाच्या वासासकट. गार्लीबाईंनी रुमाल नाकाशी नेला आणि नवऱ्यानं डोळे वटारल्यावर परत ठेवला.

नाटक चांगलं झालं, खोटं कशाला बोलायचं. फ्रान्सवाले झालेली पोरं तोऱ्यात चालत होती, शेकोटी लाल कागदाची होती. शिपाई "आपला राजा केवढा थोर" म्हणून झोपले आणि एक खरंच घोरला, तेव्हा सगळे हसले. केटूराच्या डोक्यावर डब्याच्या पत्र्याचं शिरस्त्राण होतं, ते कानावर यायचं. रूपर्ट गार्ली दहा वर्षांचा, गोरापान, पुठ्ठ्याचा मुकुट घातलेला. मुलगा बापासारखा नव्हता. त्याला भीती वाटत होती आणि ती लपवता येत नव्हती.

तो खोक्यावर चढला. "शूरांनो," तो म्हणाला. "ऑक्टोबरमधला हा आजचा... आजचा..."

आणि अडला.

हॅडनबाई कडेनं पुटपुटल्या. त्याला ऐकू गेलं नाही. पुढच्या खुर्चीत गार्ली लाल होत चालला.

"क्रिस्पिनचा!" मागून लेव्हायचा आवाज आला. "आज क्रिस्पिनचा दिस हाय, लेकरा. घाबरू नगंस. म्हन."

रूपर्टनं मान वर केली. "क्रिस्पिनचा," तो म्हणाला.

आणि मग ते मागच्या बाकांवरून आलं. आधी लेव्हाय, मग गल्लीतलेच दोघे भाऊ, मग चाळीस-पन्नास माणसं. ठरवलेलं काही नव्हतं. ज्या ज्या दुकानात ईनककडचं ते जाड पुस्तक मागून नेऊन वाचलं गेलं होतं तिथली सगळी माणसं ते राजाचं भाषण बोलू लागली, सबंध, न गाळता, सावकाश, दोरा ओढतो त्या लयीत. नाव आलं की आवाज चढायचा. मुकुटातलं पोरगं आधी ऐकत राहिलं, मग त्यांच्यामागून एक एक ओळ म्हणायला लागलं, मग त्यांच्याबरोबर. शेवटच्या ओळी तर ते एकटंच म्हणालं, इतक्या जोरात की मुकुट घसरला. राजाच्या तोंडून आमच्या दिवसाचं नाव आमच्याच शाळेत निघालं होतं.

"तयार आहात का?" रूपर्टनं विचारलं. आता तो खराखुरा राजा दिसत होता.

केटूरा पुढं आली. तिनं शिरस्त्राण काढून काखेत धरलं आणि आईकडं पाहिलं. मग राजाकडं पाहिलं.

"महाराज," ती म्हणाली, "आमचा पाय गेला तर त्येचा जाब कोन देनार?"

रूपर्टनं बाईंकडं पाहिलं. बाई हातातल्या पुस्तकाकडं पाहत होत्या. शेवटी तो अगदी खरं तेच बोलला.

"हे पुस्तकात नाही."

"आमच्यात हाय!" लेव्हाय मागून ओरडला.

हशा झाला, पण तो लगेच विरला, कारण ट्रायफीना हसत नव्हती. ती ताठ बसली होती, हात मांडीवर, आणि गाल ओले. गार्ली खुर्चीतून अर्धा उठला. त्याला सगळ्या गावाप्रमाणं एमसचं कळलं होतं. तो परत बसला. केटूरा उत्तराची वाट पाहत उभी राहिली. उत्तर आलं नाही तेव्हा तिनं शिरस्त्राण परत डोक्यावर घातलं, पाय जुळवले आणि पोटातून आवाज काढून म्हणाली:

"तरी, महाराज, आम्ही तयार आहोत."

मागचे सगळे शिपाई, घोरणाऱ्यासकट, ओरडले, "तरी तयार आहोत!"

ईनक उभा राहिला होता. टाळ्या तो सगळ्यांच्या नंतर वाजवायला लागला आणि सगळ्यांच्या नंतर थांबला.

बाहेर पडताना हॅडनबाईंनी केटूराला दाराशी थांबवलं. "तू शब्द दिला होतास."

"येकबी गाळला न्हाई, बाई," केटूरा म्हणाली. "थोडा घातला."

बाईंनी तिला जाऊ दिलं. त्यांचा भाऊ त्याच सप्टेंबरच्या लढाईत होता आणि त्याचं पत्र आलेलं नव्हतं, हे आम्हाला पुष्कळ नंतर कळलं. दुसऱ्या दिवशी शाळेतल्या सगळ्या निळ्या पुस्तकांत, त्या पानावर, ऑक्टोबरच्या शेजारी शाईनं एक नाव लिहिलेलं होतं. अक्षर बाईंचं होतं. शेकोटीच्या पानाला त्यांनी हात लावला नव्हता. एवढंही पुष्कळ झालं.

त्या संध्याकाळी गल्लीत परतताना माणसांना चेव आला होता. वरच्या टोकाचा म्हणाला, "आताच मारू या हातोडी. उशीर झाला म्हून काय झालं?"

"आज नगं," ईनक म्हणाला. "बूट द्यायचेत. तिकडं पोरांचे पाय भिजतायत. ठोके ठेवा राखून."

"कवापातुर?"

"एमस येईस्तवर."

गार्लीनं आठ टाक्यांचा विषय सोडला असं कुणी समजू नये. तो दर सोमवारी काढायचा. ईनक दर सोमवारी दहाच घालायचा. बाकीच्या दुकानांतही, कुणी कुणाला न सांगता, आठाचे दहा झाले. आठवड्याचे जोड कमी भरले नाहीत, कारण आम्ही पहाटे लवकर बसायला लागलो. त्याचं कौतुक कुणी केलं नाही, आणि आम्हाला ते नकोही होतं.

एमस डिसेंबरात आला. पाऊस संपून थंडी पडली होती, रस्ता गोठून कडक झाला होता, म्हणून त्याच्या कुबड्यांचा आवाज लांबूनच आला. स्टेशनापासून गाडीनं आणतो म्हटलं तर तो नको म्हणाला. गल्लीच्या वरच्या टोकाला तो थांबला, दम घेतला. अंगावर इस्पितळाचा निळा कोट, उजव्या पायात बापाच्या हातचा जुना बूट, डाव्या पायाची विजार वर पिनेनं अडकवलेली.

आणि वरच्या टोकाच्या दुकानात मांडीवरच्या दगडावर तीन ठोके पडले.

एमस चालू लागला. दुसऱ्या दुकानात तीन पडले. मग तिसऱ्या. तो ज्या दारापुढं येईल त्या दारातून तीन ठोके. कुणी बाहेर आलं नाही, कुणी हाक मारली नाही. तो कुबड्या टाकत खाली येत राहिला आणि हातोडी त्याच्याबरोबर खाली येत राहिली. शेवटच्या घरापुढं ट्रायफीना आणि केटूरा उभ्या होत्या. ईनक आत बैठकीवर होता. त्यानं एमस दारात येईपर्यंत वाट पाहिली, मग शेवटचे तीन दिले आणि हातोडी खाली ठेवली. गल्लीभर हत्यारं खाली ठेवल्याचा आवाज झाला.

"आज क्रिस्पिन हाय व्हय?" एमसनं विचारलं.

"आज हाय," ईनक म्हणाला.

बैठकीशेजारी नवा जोड ठेवलेला होता. एमस पालथ्या बादलीवर बसला आणि बुटांकडं पाहत राहिला. मग त्यानं डावा उचलला, तळाच्या कडेवरून अंगठा फिरवत मनात टाके मोजले.

"बा, डावाबी केलास? आता तिथं लाकडाचा पाय बसवनार हायेत."

"मंग?" ईनक म्हणाला. "लाकूडबी भिजतं."